पेल्यावर पेला

पाच माणसांचं कुटुंब आणि टीपॉयवर पासपोर्ट चार. वकारनं ते पत्त्यांसारखे पसरले, एकेक बोटानं पुढं सरकवत मोजले, पुन्हा गोळा करून रबर लावलं. मी एकतीस वर्षं शाळेत कारकून होतो; हजेरीपटाची बेरीज चुकली की माझ्या मानेमागं मुंगी चालल्यासारखं होतं. तसं झालं. "पाचवा कुठंय, वकार?" मी विचारलं. तो फाइलीत बघत राहिला, म्हणजे त्याला ऐकू आलं होतं. ज्याला खरंच ऐकू येत नाही तो आधी तोंडाकडं बघतो. "सिद्धूभाईंचा ना, काका? ते कुठं येऊन राहिले! सतरा तारखेला वरचा स्लॅब हाय, त्यांना थांबावंच लागंल." एवढं बोलून त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग सत्यशीलाकडं, मग सिद्धेश्वरच्या बायकोकडं, आमच्या सूनबाईकडं, आणि त्याच्या लक्षात आलं की या खोलीत ही गोष्ट एकट्या मलाच नवीन आहे. सत्यशीलानं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. चाळीस वर्षांत माझ्या बायकोनं चष्मा पुसला तो धूळ बसली म्हणून कधीच नाही.

रविवार होता, दुपारचे अडीच. खाली खानावळीत भांडी घासल्याचा आवाज, वर आमच्या वसतिगृहाच्या चार मजल्यांवर चौऱ्याऐंशी पोरं जेवून पुस्तकं उघडून आडवी झालेली. वकार नांदेडचा, लोकांना उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, नेणं हा त्याचा मूळ धंदा, त्यातून या सहली निघाल्या. माझी मेहुणी रुक्मिणबाई गेल्या साली त्याच्याबरोबर दुबई-अबुधाबी करून आली आणि तेव्हापासून आमच्या घरात वाळवंट शिरलं. उंटावर बसलेली रुक्मिणबाई, सोन्याच्या बाजारात उभी रुक्मिणबाई, बोटीत जेवणारी रुक्मिणबाई. फोटोत सगळीकडं तिचा तोच चेहरा होता, नांदेडच्या भाजीबाजारात वांगी महाग लागल्यावर होतो तो. पण सत्यशीलाला ते दिसायचं नाही. दोन महिने ती धपाटे किती दिवस टिकतात याची चाचणी घेत होती. चौथ्या दिवशीचं धपाटं मला वाढायची आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मी म्हणायचो, विमानात बसायच्या आधी नवरा जिवंत राहिला पाहिजे. हसायची. हे सगळं हसणं मी खरं धरलं होतं.

"अज्जा, आपली खोली सत्ताविसाव्या मजल्यावर हाय," नात म्हणाली. ती नऊ वर्षांची, कागदावरचं सगळं मोठ्यानं वाचते. "आणि त्या मोठ्या बुरुजावर एकशे चोविसावा मजला. तुम्ही कुठं झोपणार? तिथं पत्र्याची खोली न्हाई." सूनबाई तिला गप्प बस म्हणून डोळ्यांनी बोलली. वकारला मात्र विषय बदलायला दोरी मिळाली. "घाबरू नका काका, तिथं पाया पन्नास-पन्नास मीटर खाली जातो. वाळूतच उभं हाय सगळं, पन हलत न्हाई." मग फाइल पिशवीत घालताना, जाता जाता म्हणाला, "अब्बा इचारत होते तुम्हाला. म्हनले, भीमाशंकरसाहेबाला सलाम सांग आन् किती मजले झाले ते मोजून ये." मी विचारलं, "मग काय सांगशील?" तो चपला घालत होता. "सांगीन, बाहेर उभं राहून मोजता आले न्हाईत. मान दुखली."

त्याचे अब्बा म्हणजे लालमहंमद मिस्त्री. या इमारतीचा पाया त्यांनी काढला. मूळचे देगलूरचे, बोलताना मधूनच तेलुगूत आकडे मोजायचे. काळ्या मातीत दहा फूट जाऊन ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "साहेब, हे जमीन पावसात फुगते, उन्हात आखडते. इच्यावर दोन मजले. तिसरा मागायचा न्हाई." मी मान हलवली. तेव्हा लातूरला नुकती पोरं यायला लागली होती, लोह्याहून, जळकोटहून, पार यवतमाळहून. पोरगं बोर्डात आलं की गावात मिरवणूक निघायची आणि दुसऱ्या साली त्या गावाची सहा पोरं माझ्या दारात ट्रंका घेऊन उभी राहायची. तिसऱ्या मजल्याच्या वेळी लालमहंमदना बोलावलं. ते आले, चहा घेतला, बशी पालथी घातली आणि ओळंबा पिशवीत टाकून निघून गेले. माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. तिसरा दुसऱ्या मिस्त्रीनं टाकला. चौथा तिसऱ्यानं. पाचवा कुणी टाकला त्याचं नावही मला ठाऊक नाही, कारण तोपर्यंत मी पहिल्या मजल्याच्या वर जायचं सोडलं होतं.

मी फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत झोपतो. तीस वर्षं मी स्लॅबखाली रात्र काढलेली नाही. लग्नघरी गेलो तर मांडवात, दवाखान्यात गेलो तर व्हरांड्यात. सत्यशीला पाहुण्यांना सांगते, "माझ्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, पत्र्याशी. उन्हाळ्यात तीच त्याला भाजून काढती." झोपताना खाली परात ठेवायची, परातीत एक पेला पालथा, त्या पेल्याच्या बुडावर दुसरा पेला. जमीन हलली तर वरचा पेला परातीत पडतो आणि माणूस आवाजानं उठतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांतून सगळं गाव असंच झोपायचं. शंभर शेडांत शंभर पराती. पहिल्या वर्षी पेले पुष्कळदा पडले. एकाचा पडला की सगळे बाहेर. सिद्धेश्वर तेव्हा सहा वर्षांचा. तो पाढे शिकायच्या आधी पेल्यावर पेला ठेवायला शिकला. श्वास रोखून, जिभेचं टोक बाहेर काढून ठेवायचा. मग हळूहळू लोकांना पक्की घरं मिळाली, पराती पुन्हा पीठ मळायला गेल्या, पेल्यांतून पाणी प्यायला लागले. माझी परात राहिली. इथं लातूरला आल्यापासून तेवीस वर्षांत तो पेला एकदाही पडलेला नाही, आणि त्यालाच मी आजवर सुख समजत आलो.

आमचं तेरणेकाठचं घर माळवदाचं होतं. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडाचे सर, त्यांच्यावर माती. दरसाल मिरगाच्या आधी गळू नये म्हणून माळवदावर पांढरी माती टाकायची, हे आमच्याकडं सणासारखं. वडील होते तोवर त्यांनी टाकली, मग मी. मी कारकून, मला मोजल्याशिवाय चैन नाही. दर साली पंचवीस टोपली. आई लक्ष्मीबाई खालून म्हणायची, "आणखी पाच टाक रे, कोपरा गळतोय." मी टाकायचो. ती माती पावसानं थोडी वाहून जायची, बरीच राहायची, आणि दुसऱ्या साली तिच्यावर पुन्हा पंचवीस. मी टोपली मोजली, वर्षं मोजली, दोन्हींचा गुणाकार एकदाही केला नाही. त्या विसर्जनाच्या रात्री लेझीम खेळून सिद्धेश्वर दमला, घरापर्यंत चालेना, म्हणून आम्ही बापलेक शाळेच्या व्हरांड्यात पत्र्याखाली आडवे झालो. सत्यशीला माहेरी लोह्याला होती. घरात आई आणि माझा धाकटा भाऊ किशन. पहाटे पत्रे असे वाजले की कुणीतरी आभाळातून खडी ओततंय, आणि मग काहीच वाजलं नाही. घराच्या जागी मी गेलो तेव्हा भिंती दोन्ही बाजूंना लोळल्या होत्या आणि मधे माझी माती होती. मी ती ओळखली. एखाद्याला स्वतःचं अक्षर ओळखू यावं तशी. थर दिसत होते, वर्षावर वर्ष, आणि तीन दिवस आम्ही ती उपसत होतो. आई सापडली तेव्हा तिच्या तोंडात तीच होती, पांढरी, बारीक, चाळलेली. कारण मी दरसाल चाळूनच टाकायचो.

वकार गेल्यावर मी खानावळीत उतरलो. तिसऱ्या खांबाला गेल्या साली डॉक्टरकीला लागलेल्या पोरांच्या फोटोंचा फ्लेक्स गुंडाळलेला आहे. सिद्धेश्वरनं तो लावला तेव्हा मी काही म्हटलं नाही. त्याच्या खाली काय आहे ते दोघांनाही माहीत होतं. खांबाला एक चीर आहे, केसाएवढी. पाचव्या मजल्याच्या साली दिसली. तिच्या टोकाशी मी पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घातली. पुढच्या साली चीर रेघेच्या वर गेली; मी दुसरी रेघ मारली, दुसरी तारीख. अशा चार रेघा आहेत, सुवाच्य, कार्यालयीन. दर जूनमध्ये फ्लेक्सचा कोपरा सोडवायचा, नोंद करायची, कोपरा पुन्हा बांधायचा. नोंद केली की मला काम झाल्यासारखं वाटायचं. पोराला सोडायला आलेला जळकोटचा एक बाप याच खांबावर थाप मारून बघत होता, बैल घेताना पाठीवर मारावी तशी. "मजबूत हाय ना साहेब?" "हाय," मी म्हणालो. माझा हात तेव्हा फ्लेक्सवर होता, एका हसऱ्या पोरीच्या कपाळावर. आज मी कोपरा सोडवला. जून यायला तीन महिने होते आणि चीर चौथ्या रेघेच्या वीतभर वर गेली होती. तिच्यात माझं नख बसलं.

"काय करून राहिलाव अप्पा?" सिद्धेश्वर मागं उभा होता. हातात पोह्यांची यादी. तो वाईट माणूस नाही; पोरांना ताप आला तर स्वतः गाडीवर घालून दवाखान्यात नेतो. "वकारनं सांगितलं," मी म्हणालो. त्यानं यादीची घडी घातली. "मग बरं झालं. आठ दिवस फिरून या. आईची लई हौस हाय. आल्यावर झालेलं असंल, तुमच्या डोक्याला ताप न्हाई."

"पाया दोनचा हाय, सिद्धू."

"पाच उभे हायेत ना? पडले का?"

"ही बघ." मी फ्लेक्स बाजूला धरला. त्यानं चिरेकडं पाहिलं नाही. तारखांकडं पाहिलं. एकेक तारीख वाचताना त्याचे ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसे. "चार वर्षं," तो म्हणाला. "चार वर्षं तुम्ही इथं रेघा मारून राहिलाव. मला एक शब्द बोलला न्हाईत." मी म्हणालो, "तूच तर फ्लेक्स लावलास." "हाव, लावला. पण मी इथं वर झोपतो अप्पा. माझी बायको, माझी पोर वर झोपती. आई वर झोपती. चौऱ्याऐंशी पोरं झोपतात. तुम्ही एकटेच पत्र्यात. पोरांचे बाप इचारतात, म्हातारबा बाहेर का झोपतात? मी सांगतो, त्यांना वर उकडतं." बोलणं संपल्यावरही त्याचं तोंड जरा उघडं राहिलं, एवढं बोलायचं त्यानं ठरवलं नसावं. मी पाण्याच्या टाकीजवळचे दोन पेले उचलले, मोरीतली एक परात काखेत मारली आणि जिना चढायला लागलो. "आता कुठं?" तो म्हणाला. मी म्हणालो, "वर."

सहा वर्षांनी पहिल्याच्या वर जाणार होतो. पहिल्या मजल्यावर सत्यशीला दारात. "आवो, गुडघे..." एवढंच म्हणाली आणि परात बघून बाजूला झाली. दुसऱ्यावर चपलांचे ढीग, तिसऱ्यावर वाळत घातलेले टॉवेल, चौथ्यावर एक पोरगं येरझारा घालत काहीतरी पाठ करत होतं. मला बघून भिंतीला चिकटून उभं राहिलं. दमलो म्हणून कठड्याला धरलं आणि वाटलं की कठडा मला धरून आहे, तोही दमलेला. पाचव्यावर अभ्यासिका, लाकडी खणांच्या रांगा, रविवार म्हणून पाचसहा डोकीच. त्याच्या वर गच्ची. गच्चीचं दार ढकललं तर उघडेना. पलीकडून काहीतरी रेटत होतं. खांदा लावला. दार वीतभर सरकलं आणि त्या फटीतून माझ्या पायांवर वाळू आली.

आणखी रेटून बाहेर गेलो, तर सगळ्या गच्चीवर वाळू होती. खाली गल्लीत ठेवली तर चार लोक विचारतात, म्हणून वर चढवलेली. परवापासून कप्पीचा आवाज येत होता. सिद्धेश्वर म्हणाला होता टाकीचं काम चाललंय. कठड्याला लागून डोंगर, मधे उतार, पलीकडं पुन्हा उंचवटा, वाऱ्यानं वर बारीक लाटा उठलेल्या, अगदी वकारच्या कागदावरच्या चित्रासारखं. फक्त उंट नव्हता. चाळलेली होती. बारीक, स्वच्छ. मी मूठ भरून घेतली आणि का कोण जाणे, जिभेला लावली. मग मोजायला लागलो, टोपली. सवय. शंभरावर गेल्यावर थांबलो, कारण कोपऱ्यातून आईचा आवाज येईल असं वाटलं.

अभ्यासिकेत उतरून फरशीवर परात ठेवली. पेला पालथा घातला, त्यावर दुसरा. हात काढला. वरचा पेला वाजत राहिला. अगदी बारीक, दातावर दात वाजावेत तसा. मी पुन्हा बसवला. पुन्हा वाजला. खणातला एक पोरगा म्हणाला, "आजोबा, इथं सगळंच असं वाजतं. आमच्या कंपासपेट्या पण. सवय होती दोन महिन्यांत." लोह्याकडचा होता, बोलण्यावरून. "पंप चालू असंल," मी म्हणालो. "पंप सकाळी असतो आजोबा. पोरं चालतात ना खालच्या मजल्यावर, त्यानं." तेवीस वर्षं मी खाली जमिनीवर कान लावून बसलो होतो, आणि जमीन गप्प होती. ज्याला ऐकायला हवं होतं ते इथं वर वाजत होतं, दिवसाढवळ्या, आणि पोरांना त्याची सवय लागली होती.

"पुस्तकं राहू द्या," मी त्यांना म्हणालो. "पोहे झालेत. खाली चला." ते बघत राहिले. पावणेचार झाले होते. पोहे चारला असतात. मी परात तिथंच ठेवली आणि उतरताना प्रत्येक मजल्यावर दारं वाजवली. "खाली चला. गरम हायेत." खाली येऊन खानावळीबाहेरचा रुळाचा तुकडा हातोडीनं बडवला, हात भरून येईपर्यंत. पोरं आली, डोळे चोळत, ताटल्या घेऊन, एकमेकांना ढकलत. मी फाटकाजवळ उभा राहून मोजली. एकोणऐंशीला थांबली, मी पुन्हा बडवलं. आंघोळीतून एक टॉवेलवर आला, सगळे हसले. चौऱ्याऐंशी. मग सत्यशीला, सूनबाई, नातीच्या हातात अजून तो दुबईचा कागद. सत्याऐंशी. खानावळीतल्या दोन बायका, रत्नम्मा आणि तिची जाऊ. "पोहे कुठं झालेत साहेब? कांदा कापून राहिले मी," रत्नम्मा म्हणाली. तिलाही अंगणात आणलं. माझ्या खोलीतली बाज ओढत आणली, जिन्याच्या तोंडाशी आडवी टाकली आणि तीवर बसलो.

"अप्पा," सिद्धेश्वर अगदी हळू म्हणाला, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून, "हसं होऊन राहिलंय. उठा." मी म्हणालो, "आता वर कुणी जायचं न्हाई." "किती वेळ?" "ज्यानं पाया काढला तो येऊन बघेपर्यंत. लालमहंमदला फोन लाव." "ते नांदेडला हायेत अप्पा! पंच्याऐंशीचं वय. आणि पोरांची उद्या परीक्षा हाय. ह्यांच्या बापांना काय सांगू मी?" "सांग, म्हाताऱ्याला उकडतंय." सत्यशीला पुढं आली. ती रागावेल असं मला वाटलं. तिनं नातीच्या हातातला कागद घेतला, चौपदरी घातला आणि माझ्या शेजारी बाजेवर बसली. पोरं कंटाळली होती. कुणी ताटली वाजवत होतं, कुणी माझी नक्कल करत रूळ बडवल्याचा अभिनय करत होतं, दोघंतिघं भिंतीला टेकून पुन्हा पुस्तकात. जळकोटचा पोरगा विचारत होता, "सर, माझा चष्मा वर राहिला, पटकन आणू?" सिद्धेश्वरनं बाजेच्या कडेला हात घातला, मला बाजेसकट उचलून बाजूला करणार असल्यासारखा. तो करू शकला असता.

तेवढ्यात वर, पाच मजले वर, जिथं आता एकही माणूस चालत नव्हता, तिथं परातीत पेला पडला. लहानसा आवाज, जिन्यातून गोल गोल उतरत आला आणि विरला. पोरांपैकी कुणी मानही वळवली नाही. रत्नम्मा कांद्याचे हात पदराला पुसत होती. मला वाटलं, हा माझ्याच कानातला असेल, तीस वर्षांचा साठलेला. म्हणून मी सिद्धेश्वरकडं पाहिलं.

त्यानं बाज सोडली होती. चेहरा वर झाला होता, श्वास रोखलेला, जिभेचं टोक ओठांबाहेर. मग डोळे जिन्यावरून न काढता त्यानं जळकोटच्या पोराचा दंड धरला आणि त्याला फाटकाकडं ढकलायला सुरुवात केली.